दोरीवरचे ताट

वडूज, ता. खटाव
१२ जानेवारी

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस की, सेमिनारसाठी एका संख्याशास्त्रज्ञाचे आयुष्य आणि काम मांडायचे आहे आणि फिशर, पिअर्सन ही नावे वर्गातल्या मुलांनी आधीच घेऊन ठेवली आहेत. मी सुखात्म्यांचे नाव काढताच तू विचारलेस, "ते पीककापणीवाले ना, बाबा?" त्या 'पीककापणीवाले'मध्ये किंचित नाराजी होती आणि ती मला समजते. शेताचा तुकडा कापून पिकाचा अंदाज काढायला तीस वर्षे बापाला टेप, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन बांधाबांधाने फिरताना पाहिलेल्या मुलीला त्या कामात शिकण्यासारखे काही असेल असे वाटू नये, यात नवल नाही. फोनवर इतके बोलणे जमत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी आपल्याच तालुक्यातल्या बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली गणित घेऊन पदवी मिळवल्यावर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ साली तिथे पीएच. डी. झाले. हा काळ लक्षात ठेव, कारण त्या वेळी एकाच इमारतीत एका मजल्यावर फिशर आणि दुसऱ्यावर धाकटे पिअर्सन अशी विभागणी झाली होती, दोन्ही गटांचे एकमेकांशी जमत नव्हते, आणि पोलंडचे संख्याशास्त्रज्ञ नेमान हेही तिथेच येऊन दाखल झाले होते. नेमान यांनी १९३४ साली स्तरित नमुन्यावरचा, म्हणजे थर पाडून प्रत्येक थरातून घेतलेल्या नमुन्यावरचा, आपला प्रसिद्ध निबंध वाचला आणि पुढच्याच वर्षी त्याच विषयावर सुखात्म्यांचा निबंध छापून आला. वेगवेगळ्या स्तरांतून किती नमुने घ्यावेत हे ठरवायला प्रत्येक स्तरातले आकडे आपसांत किती कमीजास्त होतात हे माहीत असावे लागते, आणि ते तर आपल्याला आधी माहीत नसते. मग छोट्या प्राथमिक पाहणीतून काढलेल्या अंदाजावर भिस्त ठेवून चालेल का, हा त्यांचा प्रश्न होता. चोवीस वर्षांच्या मुलाने विचारलेला हा प्रश्न मला फार आवडतो. सूत्रात जे अक्षर आपण निर्धास्तपणे लिहितो ते प्रत्यक्षात येते कुठून, असे तो विचारतो, आणि त्यांचे पुढचे बहुतेक काम याच एका शंकेतून निघाले आहे असे मला वाटते.

परत आल्यावर काही काळ कलकत्त्यात जीवसंख्याशास्त्र शिकवून ते १९४० साली दिल्लीला, शेती संशोधन परिषदेत आले. त्या वेळी देशात पीक किती आले हे कसे ठरत असे, हे तुझ्या वर्गातल्या मुलांना बहुधा ठाऊक नसेल. पेरलेले क्षेत्र, त्या भागाचे 'सर्वसाधारण' उत्पन्न आणि यंदाचे पीक सोळा आण्यांपैकी किती आणे, या तीन आकड्यांचा गुणाकार केला की झाले. यातले आणे गावकामगार बांधावर उभा राहून नजरेने ठरवीत असे. आपण ज्याला आजही सवयीने आणेवारी म्हणतो ती हीच. नजर वाईट नसते. मुरलेल्या शेतकऱ्याची नजर तर काट्यालाही हार जात नाही. पण नजरेमागे माणूस असतो, आणि आणेवारी कमी लागली तर सारा माफ होतो हे त्या माणसाला आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा देशाजवळ धान्य नेमके किती आहे हे सांगणारा भरवशाचा आकडा नसणे किती महाग पडते ते सगळ्यांना दिसले.

सुखात्म्यांनी यावर मांडलेली पद्धत तू सांगितलीस तर वर्गाला दोन मिनिटांत कळेल. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावे निवडायची, गावातून शेते निवडायची, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक आकड्याइतकी पावले लांबीत आणि तितक्याच न्यायाने रुंदीत चालायचे, जिथे पाय थांबेल तिथे खुंटी ठोकायची, दोरी ताणून आयत आखायचा, आतले पीक कापायचे, मळायचे, उफणायचे आणि वजन करायचे. मूळचे मराठी असलेले आणि इंदूरला काम करणारे विनायक गोविंद पानसे यांचा या कामात मोठा वाटा होता. शेतकीच्या कोणत्याही प्रबंधाच्या शेवटी 'पानसे आणि सुखात्मे' ही जोडी दिसते ती त्या दोघांच्या पुस्तकामुळे.

आता जो भाग मला तुला सावकाश सांगायचा आहे तो आयताच्या मापाचा.

कलकत्त्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचेही पीकपाहणीचे काम जोरात चालले होते, आणि ते लहान वर्तुळे कापत. त्यांचा हिशेब कागदावर बिनतोड होता. एकाच शेताच्या आतल्या फरकापेक्षा एका शेतात आणि दुसऱ्या शेतात फरक जास्त असतो. तेव्हा एकाच शेतात मोठा तुकडा कापण्यात वेळ घालवण्यापेक्षा थोडे थोडे कापून पुष्कळ शेते गाठली तर त्याच खर्चात अंदाज अधिक काटेकोर येतो. तुझ्या वहीत हे सूत्र असणारच. सुखात्म्यांनी त्या सूत्राशी वाद घातलाच नाही. त्यांनी उत्तर प्रदेशातल्या मोरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांतून लहानमोठ्या मापांचे तुकडे कापवून घेतले आणि वजने एकमेकांशेजारी मांडली. तुकडा जितका लहान, तितके एकरी उत्पन्न जास्त! दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाने तर उत्पन्न चाळीस टक्क्यांहून अधिक फुगवून दाखवले. १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी यावर टिपण छापले.

असे का व्हावे, याचा हिशेब तू स्वतः करून पाहा. मी पोस्टाच्या पाकिटामागे केला. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट, म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे फूटभर कड. सुखात्म्यांच्या पद्धतीतला आयत ३३ फूट बाय साडेसोळा फुटांचा, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग. त्याची कड ९९ फूट आणि क्षेत्र साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे चौरस फुटामागे कड जेमतेम दोन इंच. आता कापणाऱ्याचा हात सगळीकडे फक्त एक इंच बाहेर गेला असे धर. आयतात दीड टक्का वाढ होईल, वर्तुळात साडेआठ टक्के. हात बाहेरच का जातो, आत का नाही, हे मात्र कागदावर कळणार नाही. दोरी ताणलेली असते, दोरीखालीच पिकाचे एक ताट उभे असते, त्याचे बूड अर्धे आत आणि अर्धे बाहेर, आणि कणीस आत झुकलेले. हातात विळा असलेल्या माणसाला उभे पीक मागे सोडणे जमत नाही. त्याचा हात आपोआप पुढे जातो.

मी हे पाहिले आहे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शाळूच्या एका शेतात असे ताट दोरीवर आले. मजूर ते कापायला वाकला, तेवढ्यात शेतमालक म्हणाले, "सायेब, दोरी जरा आत घ्या की. आमचं काय जास्त दाखवून भलं व्हायचंय?" मजुराचा हात बाहेर ओढत होता आणि मालकाचे हित आत, आणि मध्ये मी, नियमाची पुस्तिका खिशात असलेला तेवीस वर्षांचा पोरगा. बूड निम्म्याहून जास्त आत असेल तर घ्यायचे, नाही तर सोडायचे, एवढाच नियम. मी गुडघ्यावर बसून माती बाजूला केली आणि बूड पाहिले. ते बाहेर होते, सोडले.

हे वाचून तुला बाप फार सचोटीचा वाटू नये म्हणून हेही सांगतो की, त्याच हंगामात एका ठिकाणी यादृच्छिक आकड्यांनी मला नेमके पाणी साचलेल्या, निम्मे पीक पिवळे पडलेल्या तुकड्यात नेऊन उभे केले, आणि 'हे काही या शेताचे खरे पीक नव्हे' अशी स्वतःची समजूत घालून मी दहा पावले सरकून खुंटी ठोकली. तपासणीला आलेल्या साहेबांनी पावले मोजली आणि काही न बोलता खुंटी उपटून माझ्या हातात दिली. तो चिखलही त्या शेताचाच होता.

म्हणून तू फोनवर जे म्हणालीस, की पीककापणीच्या आकड्यांत 'नॉईज' फार आहे, पण नमुने वाढवले की चूक कमी होईल, तिथे मी अडलो. जी चूक कधी इकडे कधी तिकडे होते ती नमुने वाढवल्यावर एकमेकींना खाते. जी चूक नेहमी एकाच बाजूला ओढते ती हजार शेतांतही तितकीच राहते. उलट आकडा इतका काटेकोर दिसू लागतो की कोणी त्यावर शंकाही घेत नाही. तुमच्या पुस्तकांत या एकतर्फी चुकीचे, म्हणजे बायसचे, प्रकरण बहुधा मागे असते. सुखात्म्यांनी ते पुढे आणले.

महालनोबिसांवर अन्याय नको. त्यांची माणसे याच कामासाठी नेमलेली आणि शिकवून तयार केलेली होती, आणि अशा हातांनी कापले तर लहान तुकड्यातली फूग बरीच आटोक्यात राहते असे त्यांनी दाखवले. सुखात्म्यांना मात्र महसूल आणि शेती खात्यांतली असलेलीच माणसे वापरायची होती, ज्यांना पीककापणी हे दहा कामांतले अकरावे काम. माझी सहानुभूती कुणाकडे असेल हे सांगायला नको. आज पीकविम्यासाठी अनेक पिकांत आपण जो दहा मीटर बाय पाच मीटरचा आयत आखतो, त्याचे फूट करून पाहा.

१९५१ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत रोमला गेले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे तिथला संख्याशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला. त्या संघटनेचे पहिले महासंचालक बॉइड ऑर यांनी जगातली दोन तृतीयांश माणसे उपाशी किंवा अर्धपोषित असल्याचे म्हटले होते आणि तो आकडा भाषणाभाषणांतून फिरत होता. ज्या देशात दरडोई अन्न ठरावीक गरजेपेक्षा कमी, त्या देशाची सगळी लोकसंख्या उपाशी धरायची, अशा तऱ्हेच्या हिशेबाने असे आकडे फुगतात. सरासरी कमी असलेल्या देशातही पोटभर जेवणारे असतात आणि संपन्न देशातही उपाशी. म्हणून सरासरी बाजूला ठेवून वाटप पाहायला हवे, असे सुखात्म्यांनी धरले. १९६१ साली त्यांनी अंदाज दिला की, जगातली दहा ते पंधरा टक्के माणसे खरोखर कमी खातात, आणि एक तृतीयांश ते निम्म्या माणसांचा आहार निकृष्ट आहे. ज्या संघटनेत नोकरी तिच्याच पहिल्या प्रमुखाचा आकडा खाली आणायचा, आणि तोही भुकेचा, हे सोपे नसणार. पुढे साऱ्या जगाने प्रथिनांच्या टंचाईचा घोष चालवला असताना, माणसाला पोटभर भाकरी-डाळ मिळाली तर प्रथिनांचा प्रश्न बहुतांशी त्यातच सुटतो, हेही त्यांनी आग्रहाने सांगितले. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी जे मांडले तिथे मात्र मी त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत चालू शकत नाही. त्यांचे म्हणणे असे की, एकाच निरोगी माणसाचे खाणेही दिवसागणिक आणि आठवड्यागणिक कमीजास्त होते आणि शरीर ते सांभाळून घेते. त्यामुळे सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरला तर चुकते, रेषा सरासरीच्या बरीच खाली, दोन प्रमाण विचलने (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचे माप) वजा करून ओढावी. दारिद्र्यरेषेचे गणित मांडणारे वि. म. दांडेकर पुण्यातलेच, दोघांत जाहीर आणि चांगलाच कडक वाद झाला. पहिला अर्धा भाग मला पटतो. पण रेषा खाली आली की कागदावरचे गरीब निम्म्याने कमी होतात, आणि शरीराने 'सांभाळून घेतले' म्हणजे काय केले हे रेषेत दिसत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. तुझी आजी खडी फोडायला जायची आणि तिथे मिळालेली सुकडी पदरात बांधून आम्हा भावंडांसाठी आणायची. शरीर सांभाळून घेत होते, यात शंका नाही. संध्याकाळी ती चुलीपाशी बसल्या बसल्या झोपत असे. सेमिनारमध्ये हा वाद गाळू नकोस, आणि सुखात्म्यांची बाजूही कच्ची करून मांडू नकोस. २८ जानेवारी १९९७ रोजी ते गेले तोवर ती बाजू त्यांनी सोडली नव्हती.

यंदा आपला शाळू फेब्रुवारीच्या शेवटी काढणीला येईल. तू शनिवार-रविवार धरून आलीस तर घरच्याच शेतात दोन्ही मापे घालून पाहू. सहा जागा तू पुण्यातूनच यादृच्छिक आकड्यांनी काढून आण. शेत लांबीला १४० आणि रुंदीला ६२ पावले आहे. प्रत्येक जागी आधी दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ कापायचे, मग त्याच्याभोवती आयत, पण वर्तुळाची कणसे वेगळी बांधून ठेवायची आणि वजन करताना दोन्ही मिळवायची. विळा मी धरणार नाही, कारण मला उत्तर ठाऊक आहे. कापायला शेजारचा मुलगा येईल आणि त्याला कशासाठी ते सांगायचे नाही. माझा जुना काटा आता शंभर ग्रॅमपर्यंत चुकतो, आणि वर्तुळासाठी ते चालणार नाही, तेव्हा येताना ग्रॅमचा एक डिजिटल काटा घेऊन ये. पैसे मी देईन.

तुझे
बाबा