मेलबरी रोडवरील घर

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

दवाखान्यात माझ्या खुर्चीमागे टांगलेले चित्र, ज्यात दोन खुर्च्या जोडून निजवलेल्या आजारी लेकराकडे दाढीवाला डॉक्टर हनुवटीला हात लावून एकटक पाहत बसला आहे, ते तू अक्षरओळख होण्याआधीपासून पाहत आली आहेस. तू लंडनमध्येच आहेस, तेव्हा एखाद्या रविवारी ते जिथे रंगवले गेले ते घर पाहून ये.

चित्रकार ल्यूक फाइल्ड्स यांनी हे लाल विटांचे घर केन्सिंग्टनमधील मेलबरी रोडवर रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुविशारदाकडून बांधून घेतले आणि 1877 मध्ये ते तिथे राहावयास आले. शेजारी मार्कस स्टोन यांचे घरही शॉ यांनीच बांधलेले. पण आपले घर त्याच्यावर ताण करते, असे फाइल्ड्स यांनी आपल्या मेहुण्याला मोठ्या फुशारकीने लिहिले होते. (शेजाऱ्याच्या घराशी तुलना करण्याची खोड आपल्याच गल्लीपुरती नाही तर!) आज ते खाजगी असल्याने रस्त्यावरूनच पाहावे लागेल. मात्र जवळच लेटन या चित्रकाराच्या घराचे लेटन हाउस हे संग्रहालय आहे; चित्रशाळेची उत्तरेकडील प्रचंड खिडकी तिथे आतून पाहता येईल. उत्तरेच्या उजेडात थेट ऊन येत नाही, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरील सावल्या फारशा सरकत नाहीत.

फाइल्ड्स यांचा चरितार्थ मुख्यतः धनिकांच्या व्यक्तिचित्रांवर चाले. सातव्या एडवर्डचे राज्याभिषेकाचे चित्रही त्यांचेच. परंतु साखरेचे व्यापारी हेन्री टेट यांनी चित्र काढावयास सांगितले, तेव्हा फाइल्ड्स यांनी घरातील आपल्या प्रशस्त चित्रशाळेतच चित्रातल्या कोळ्याच्या झोपडीचा खऱ्या मापाचा अंतर्भाग उभारला आणि 1891 मध्ये आपल्या दवाखान्यातले हे चित्र पूर्ण केले. ती झोपडी एका हवेलीच्या पोटात उभी होती, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. त्याच घरात, राहावयास आल्या वर्षीच्या नाताळात, त्यांचा थोरला मुलगा फिलिप तान्हेपणी दगावला होता. त्यानंतरही फाइल्ड्स यांनी ते घर सोडले नाही. 1927 मध्ये त्यांचा मृत्यूही तिथेच झाला.

मूळ चित्र लंडनमधील टेट ब्रिटन या कलासंग्रहालयाकडे आहे. आपल्या छापील प्रतीत मागच्या अंधारातील आईबाप पार काळे पडले आहेत. बापाचा हात नेमका कुठे ठेवलेला आहे, तेवढे नीट पाहून मला कळव.

तुझे,
बाबा