लॉबीतल्या फिश टँकमध्ये सहा प्रकारचे निमो नकोत, प्लीज (बी-504 कडून)

प्रति,
मा. अध्यक्ष (आणि सेक्रेटरी मॅडम, तुम्ही पण वाचा)

काका नमस्कार,

काल ग्रुपवर लॉबीतल्या टँकच्या कोटेशनचा फोटो बघितला. आयडिया मस्त आहे, लिफ्टची वाट बघताना मोबाईलपेक्षा मासे बघितलेले बरे. पण कोटेशनमधली ती ओळ आहे ना, "निमो, 6 प्रकार, प्रत्येकी 2 नग", ती वाचून रात्री झोप नाही आली मला. 4 फुटाच्या टँकमध्ये निमोच्या, म्हणजे क्लाऊन फिशच्या, सहा जाती: ऑसेलारिस, परक्युला, टोमॅटो, मरून, क्लार्की आणि सॅडलबॅक असे 12 मासे. अहो आपल्याकडे एका पार्किंगवरून दोन वर्षं पत्रव्यवहार चाललाय आणि तिथे सहा घराणी एका खोलीत कोंडायची म्हणजे काय होणार सांगा.

मी हे अनुभवाने सांगतेय. माझ्याकडे घरी 3 फुटाच्या टँकमध्ये ऑसेलारिसची जोडी होती, म्हणजे तोच तो नारिंगी-पांढरा, पोरं निमो म्हणतात तो. दोघं एकदम गुण्यागोविंदाने राहायचे. मग एकदा दुकानात मरून क्लाऊन दिसला, काय रंग होता, डाळिंबासारखा, गालावर काटा, अंगावर पांढरे पट्टे. दुकानवाला म्हणाला ताई सगळे क्लाऊनच आहेत, एकमेकांना ओळखतात. मी पण मठ्ठ, घेऊन आले. पहिले दोन दिवस काही नाही, मरून आपला कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर माझा छोटा ऑसेलारिस, नर, वरती फिल्टरच्या पाइपला चिकटून उभा, पंख फाटलेले, शेपटीची तर झालर झालेली आणि मरून त्यांच्या जागेवर मालकीणबाईंसारखी बसलेली. मध्ये भोकं पाडलेलं अ‍ॅक्रिलिक लावून वेगळं केलं पण उशीर झाला होता, दोन दिवसांनी गेला तो. आईंनी तर माझ्याशी बोलणं टाकलं, कारण त्याला रोज सकाळी खाऊ त्याच घालायच्या. मरून दुसऱ्या एका हौशी माणसाला देऊन टाकली, त्याच्याकडे एकटीच राजासारखी आहे.

तेव्हापासून यावर इतकं वाचलंय की विचारू नका. यांच्यात गंमत अशी आहे की क्लाऊन फिश आधी नर होतो आणि गरज पडली तर मग मादी. समुद्रात एका अ‍ॅनिमोनीवर (तळाला चिकटलेला फुलासारखा डंख मारणारा प्राणी, क्लाऊनचं घरच ते) एक टोळी असते, सगळ्यात मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर आणि बाकीची चिल्लीपिल्ली उंचीप्रमाणे रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी. मादी मेली तर नर स्वतःच मादी होतो आणि रांगेतला पुढचा नर म्हणून बढती घेतो. एकदा मादी झाली की परत नर नाही. म्हणजे तुम्ही सहा जाती दोन-दोन आणल्या तर आज ती बोटभर पिल्लं गोड दिसतील, दुकानात दिसतात तशीच, पण मोठी झाली की सहा जोड्या होणार, सहा माद्या, आणि प्रत्येकीला वाटणार की हा कोपरा माझा. दुकानात खूप सारे एकत्र राहतात ते लहान असतात म्हणून आणि तिथून दोन-चार आठवड्यात विकले जातात म्हणून, ते बघून फसायचं नाही. त्यात अंडी घातली की संपलंच, तेव्हा तर साफसफाईला घातलेला माझा हात पण सोडत नाहीत, चावतात चक्क.

आणि सहाही सारखे नाहीत. ऑसेलारिस 8-9 सेंटीमीटरचा, तुलनेने शांत. मरूनची मादी 15-16 सेंटीमीटर होते आणि सगळ्यात भांडकुदळ तीच. टोमॅटो आणि क्लार्की तिच्या मागोमाग. परक्युला आणि ऑसेलारिस इतके सारखे की दुकानवाले पण घोळ करतात, पाठीच्या पंखातले काटे मोजावे लागतात, परक्युलाला बहुतेक वेळा 10, ऑसेलारिसला 11. हे दोघं एकमेकांत जोडी पण जमवतात, म्हणून कोणी म्हणेल की ते तरी चालतील, पण पिल्लं संकर होणार आणि कोण कुठल्या जातीचं ते कोणालाच कळणार नाही.

हो, समुद्रात कधीकधी दोन जाती एकाच अ‍ॅनिमोनीवर दिसतात, 6 फुटाच्या टँकमध्ये दोन टोकांना दोन जोड्या ठेवणारे लोक पण आहेत. पण समुद्रात हरलेला मासा पळून जाऊ शकतो आणि घरी टँकवर लक्ष ठेवणारं माणूस असतं. लॉबीत कोण बघणार, वॉचमनकाका का? त्यांना आधीच कुरिअर आणि मांजरं पुरेत.

तर माझं म्हणणं एवढंच की एकच जात घ्या, ऑसेलारिस, आणि एकच जोडी, एक मोठा एक लहान, म्हणजे कोण मोठं यावरून भांडण होत नाही. रंग वेगळे हवेत ना मुलांना? ऑसेलारिसमध्येच काळा-पांढरा मिळतो, एक नारिंगी एक काळा अशी जोडी घ्या, बघणाऱ्याला दोन प्रकार वाटतील आणि मासे एकाच जातीचे. सोबत फायरफिश आणि बांगाई कार्डिनल हे शांत मासे, दोन क्लीनर श्रिम्प म्हणजे कोळंब्या, टँक भरलेला दिसतो. आणि टँकमध्ये वाढवलेली पिल्लं मागा, समुद्रातून पकडलेली नको. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या केंद्रात क्लाऊनची हॅचरी, म्हणजे पिल्लं वाढवायची जागा, आहे, तिथूनच फ्लेमिंगो बोट सुटते, सोसायटीची एक पिकनिक पण होऊन जाईल.

कोटेशनमध्ये "लाइव्ह कोरल", म्हणजे जिवंत प्रवाळ, पण लिहिलंय. ते आधी खोडा काका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत कडक प्रवाळ, केस झाली तर नाव कमिटीचंच लागणार. कृत्रिम खडक घ्या, माशांना फरक पडत नाही. अ‍ॅनिमोनी पण नको, त्याशिवाय क्लाऊन मजेत राहतो, माझा तर पंपाच्या मागे घर करून राहिला होता.

बाकी खर्चाचं. 4 बाय दीड बाय 2 फूट म्हणजे 340 लिटर, नुसतं पाणीच साडेतीनशे किलो, म्हणून क्लबहाऊस नको, तळमजल्याची लॉबीच बरी. मीठ लिटरला 35 ग्रॅम, पहिल्या भरणीला 11-12 किलो, साधं मीठ नाही हं, मरीन सॉल्ट. पाणी उडालं की वरून साधं आरओ पाणी टाकायचं, मीठ उडत नाही. मे महिन्यात चिलर लागेल, 27 डिग्रीच्या वर फार जाऊ द्यायचं नाही, तो कॉमन मीटरवर येणार. एअर पंपाला बॅटरी बॅकअप हवा, लाइट गेली की सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो. आणि मासे उद्घाटनाच्या दिवशी आणायचे नाहीत! टँक चार ते सहा आठवडे रिकामा चालवावा लागतो, त्यात बॅक्टेरिया तयार होतात जे अमोनिया पचवतात, नाहीतर पहिल्याच आठवड्यात सगळे उलटे. म्हणजे 26 जानेवारीला फीत कापायची असेल तर पाणी डिसेंबरच्या सुरुवातीलाच भरा.

देखभाल मी करेन वर्षभर, फुकट. फक्त दर दुसऱ्या रविवारी दोन मोठी मुलं मदतीला द्या बादल्या उचलायला. नवीन कोटेशन मी बसून करून देते, रविवारी अकरानंतर घरी आहे, या चहाला, माझा टँक पण बघून जा.

तुमची,
बी-504

ता.क. काचेवर "बिस्किट टाकू नये" असं मोठ्या अक्षरात लिहिलेला बोर्ड पहिल्या दिवसापासून हवा. मागच्या टाकीत कोणी पार्ले-जी टाकलं होतं ते आपल्या सगळ्यांना माहितीये.