मनू, ती क्लिप अर्धीच होती

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोललो असतो, पण फोनवर आपलं जेवलीस का, पाणी आलं का, लाईट आहे का एवढंच होतं, मग तू हां हां करतेस आणि मी म्हणतो बरं ठेव. म्हणून टाईप करतोय. एका बोटाने चाललंय, चुका असतील तर सांभाळून घे.

मागच्या रिझल्टच्या रात्री मी तुला एक क्लिप पाठवली होती, आठवत असेलच. तो रॉकी, पिक्चरमधला बॉक्सर, म्हातारा झालेला, रस्त्यावर रात्री मुलाला सांगतोय की आयुष्य जेवढं जोरात मारतं तेवढं कोणीच मारत नाही, तू किती जोरात मारतोस याला अर्थ नाही, मार खाऊन पुढे किती सरकतोस ते बघ. खाली मी लिहिलं होतं "हे बघ आणि शीक." दोन निळ्या टिका आल्या आणि तुझं काहीच उत्तर नाही. मला तेव्हा राग आला होता खरं सांगतो. म्हटलं आजकालच्या पोरांना कौतुक हवं, दोन शब्द खरे सांगितले की झोंबतं.

आता परवा काय झालं, रात्री झोप येईना, गुडघा ठणकत होता, म्हणून मोबाईलवर तो अख्खा पिक्चर लावला. रॉकी बाल्बोआ, 2006 चा. मी हा पूर्ण कधी बघितलाच नव्हता गं. पहिले चार बघितलेत, तेही कॉलनीत व्हीसीआर भाड्याने आणून, एका रात्रीत तीन पिक्चर, सगळ्यांनी वर्गणी काढायची आणि तिसऱ्या पिक्चरला सगळे घोरत असायचे. तो रशियन ड्रॅगोवाला चौथा तर आम्ही दोनदा बघितला. पाचवा 1990 ला आला आणि पडला, तो बघितला नाही. आणि सहावा म्हणजे माझ्यासाठी ती दोन मिनिटांची क्लिप.

तर पूर्ण बघितल्यावर कळलं की मी तुला पाठवली ती क्लिप दोन्हीकडून कापलेली होती.

थांब, आधी पिक्चर सांगतो नाहीतर तुला कळणार नाही. तू म्हणशील बाबा सुरू झाले. होऊ दे.

सिल्व्हेस्टर स्टॅलोन हा 1946 चा, म्हणजे हा पिक्चर आला तेव्हा साठ वर्षांचा. लिहिला त्यानेच, दिग्दर्शन त्याचंच, रिंगमध्येही तोच. पाचवा आपटल्यावर सोळा वर्षं गेली होती आणि साठीतला माणूस परत बॉक्सर होणार म्हटल्यावर लोक हसणारच. पहिला पिक्चर 1976 ला आला त्याची गोष्ट वेगळीच, चक वेप्नर नावाचा एक साधा बॉक्सर मोहम्मद अलीसमोर पंधराव्या राउंडपर्यंत टिकला, संपायला फक्त 19 सेकंद असताना पडला, ते बघून ह्या स्टॅलोनने साडेतीन दिवसांत स्क्रिप्टचा पहिला मसुदा लिहिला. तेव्हा खिशात पैसे नव्हते. पिक्चरला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालं. म्हणजे वर चढायची गोष्ट त्याने तरुणपणी सांगून झाली होती. 2006 ला सांगायची होती ती वर जाऊन आल्यानंतर उरतं काय त्याची.

आणि उरतं काय, तर फिलाडेल्फियात एक हॉटेल. ॲड्रियन्स नाव, बायकोच्या नावाने. गिऱ्हाईकं जेवत असतात आणि हा टेबलाटेबलावर जाऊन तेच जुने फाईटचे किस्से सांगत फिरतो. मला तर आपल्या डेपोतले रिटायर झालेले शिंदेमामाच आठवले, तोच घाटात ब्रेक फेल झाल्याचा किस्सा, बारावी वेळ, आणि दर वेळी गाडीतले प्रवासी वाढत जातात.

बायको म्हणजे ॲड्रियन, ती गेलेली असते. कॅन्सरने. हे मला माहीत नव्हतं मनू. पिक्चर सुरू होतो आणि ती नसतेच. हा रोज कबरीवर जातो, तिथल्या झाडात एक घडीची खुर्ची अडकवून ठेवलेली आहे त्याने, ती काढायची, उघडायची, बसायचं, तिच्याशी बोलायचं, परत घडी घालून झाडात ठेवायची. तिथेच मी पॉज केला आणि जरा पाणी पिऊन आलो.

पुढे काय होतं तर तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, म्हणजे त्यांच्यात जे काय म्हणतात ते, हा मेव्हण्याला गाडीत घालून सगळीकडे फिरवतो. ती काम करायची ते पाळीव प्राण्यांचं दुकान, जिथे ते पहिल्यांदा फिरायला गेले ती बर्फावरची स्केटिंगची जागा, जी आता पाडलीये आणि नुसते दगडविटा पडल्यात, त्याची जुनी खोली. मेव्हणा पॉली, सिगार तोंडात, वैतागलेला, म्हणतो मला नाही यायचं पुढच्या वर्षी. का, तर तुझ्या आठवणी चांगल्या आहेत, मी तिला नीट वागवलं नाही, मला हे परत परत बघवत नाही.

मी काय करतो दर वर्षी, तूच सांग. आईच्या तिथीला तुला पुण्यावरून बोलावतो आणि मग गाडीवर मागे बसवून आपल्या साताऱ्यातलं शनिवार पेठेतलं भाड्याचं घर, मोती चौक, तो फोटो स्टुडिओ जिथे आता मोबाईल कव्हरची टपरी आहे, आमचं लग्न झालं तो हॉल ज्याचं पार्किंग झालं, राजवाड्यासमोर भेळ. गेल्या वर्षी तू म्हणालीस बाबा मी नाही येत, अभ्यास आहे. मी आत्याला फोन करून म्हटलं पोरगी आईला विसरली. आत्याने तुला सांगितलं असणारच, तिच्या पोटात काय राहतंय.

तू आईशी शेवटचं भांडली होतीस, पुण्याला जाण्यावरून, आणि ते नीट मिटायच्या आत ती गेली. मला माहीत होतं. तरी मी तुला पार्किंग दाखवायला नेत होतो.

असो. तर कमबॅक कसा होतो ते. टीव्हीवर कॉम्प्युटरची एक बनावट फाईट दाखवतात, तेव्हाचा रॉकी आणि आताचा चॅम्पियन मेसन डिक्सन, आणि कॉम्प्युटर म्हणतो रॉकी जिंकला असता. तिथून ह्याच्या डोक्यात किडा. हा पॉलीला सांगतो की आत मनाच्या तळघरात अजून काहीतरी साचून आहे, ते बाहेर पडत नाहीये. मग लायसनसाठी कमिशनपुढे उभा राहतो, सगळ्या टेस्ट पास, तरी ते नाही म्हणतात, वय बघून, आणि हा त्यांच्याशी भांडून लायसन घेतो. (पाचव्यात म्हणे डॉक्टरांनी ह्याच्या मेंदूला इजा झाल्याचं सांगितलेलं, सहाव्यात त्याचा पत्ताच नाही. सोळा वर्षांत बरं झालं असेल. आमचा गुडघा का होत नाही मग.)

ट्रेनर ड्यूकचा सीन तर मी परत परत लावला. तो सरळ सांगतो, तुझ्या मानेत संधिवात, सांध्यांत कॅल्शियम साठलंय, पळणं तुला जमणार नाही, स्पीड विसर, आता एकच, वजन उचल आणि असा ठोसा मार की समोरच्याच्या खानदानाला कळेल. मला डॉक्टर म्हणाले गुडघ्याची गादी झिजलीये, पण पुढे काय करायचं ते असं झोकात नाही सांगितलं कोणी.

डिक्सनचं काम करणारा अँटोनियो टार्व्हर खराखुरा बॉक्सर, रॉय जोन्स ज्युनियरला पाडलेला. आणि लास वेगासच्या मँडले बेमध्ये खऱ्या फाईटला आलेली गर्दी वापरून यांनी शूटिंग केलं. शेवटच्या फाईटचा भाग टीव्हीवर मॅच दाखवतात तसाच दिसतो, सिनेमासारखा नाही.

आता तू म्हणशील हे सगळं पिक्चरमध्ये. तर नाही, जॉर्ज फोरमन 1994 ला 45 वर्षांचा असताना 26 वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या राउंडला झोपवून परत चॅम्पियन झाला, पॉइंटवर मागे होता तोपर्यंत. आणि अंगात चड्डी कुठली, तर 1974 ला अलीकडून हरला होता तेव्हाची तीच लाल. वीस वर्षं जपून ठेवली. पण हेही खरं की अली स्वतः 1980 ला 38 व्या वर्षी परत आला लॅरी होम्ससमोर, जो पूर्वी त्याचाच सराव जोडीदार, आणि इतका मार खाल्ला की दहाव्या राउंडनंतर कॉर्नरमधून त्याच्या ट्रेनरने, डंडीने, फाईट थांबवली. चार वर्षांनी पार्किन्सन्स निघाला. म्हणजे पुढे सरकत राहा, पुढे सरकत राहा असं बाहेर बसून ओरडणं सोपं असतं. अलीला कोणीतरी आधीच थांब म्हणायला हवं होतं.

आणि आपली मेरी कोम. टोकियो ऑलिम्पिकला 38 वर्षांची, तीन मुलांची आई होऊन गेलेली (एक दत्तक मुलगीही आहे), इंग्रिट व्हॅलेन्सियासमोर तीनपैकी दोन राउंड जिंकली आणि मॅच हरली, पाच पंचांत 3-2. कारण पहिला राउंड 4-1 ने गेला होता. तिला रिंगमध्ये वाटलं आपणच जिंकलो. हे वाचलं आणि तुझा तो रिझल्ट आठवला. तिन्ही पेपरात 40 च्या वर, आणि बेरीज 300 पैकी 146. पास व्हायला बेरीज दीडशे लागते, त्याला चार कमी. तू सांगत होतीस अ‍ॅग्रिगेट, अ‍ॅग्रिगेट, मी म्हणत होतो पास का नाही मग. आता कळलं. म्हणजे मेरी कोममुळे कळलं, तुझ्याकडून नाही, याची लाज वाटते.

आता क्लिपचं. ते भाषण सुरू होतं तेव्हा मुलगा बापाला सांगत असतो की तुझ्या नावाच्या सावलीत मी दबलोय, आता ही फाईट करून माझंही हसं करू नकोस. त्यावर रॉकी आधी स्वतःचा पंजा दाखवतो आणि म्हणतो तू एवढासा होतास, माझ्या हातात मावायचास, मी तुला वर धरून तुझ्या आईला सांगायचो की हा पोरगा जगात सगळ्यात भारी होणार. हे माझ्या क्लिपमध्ये नव्हतं. माझी क्लिप तिथून पुढे सुरू, जिथून झोडपणं आहे. आणि शेवटी तो म्हणतो तू माझा मुलगा, माझं रक्त, माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट, आणि जाता जाता, आईला भेटून ये. तेही नव्हतं. ज्याने कोणी कापली त्याने बरोबर तेवढंच ठेवलं जेवढं माझ्यासारख्या बापाला पाहिजे असतं.

आणि तो बोलतो तेव्हा तो स्वतः मार खायला निघालेला असतो ना. मी काय, व्हीआरएस घेऊन सोफ्यावर, चहाचा कप पोटावर, आणि तुला सांगतोय मार खा.

दुसऱ्या दिवशी मुलगा कबरीपाशी येतो, नोकरी सोडून, आणि बापाबरोबर राहतो. फाईटमध्ये कॉर्नरला उभा असतो. रॉकी हरतो, स्प्लिट डिसिजनने, म्हणजे पंचांचं एकमत नसताना, पहिल्या पिक्चरमध्ये हरला होता तसाच, फरक एवढा की निकाल वाचतात तेव्हा हा ड्रेसिंग रूमकडे चालत निघालेला असतो, ऐकायलाही थांबत नाही.

मी तुला अजून हातात धरून वर केल्याचं आठवतं. शनिवार पेठेतल्या घरात, पंख्याला लागशील म्हणून आई ओरडायची. तेव्हा मी काही बोललो नव्हतो जगात भारी वगैरे, मला असं बोलता येत नाही. पण वाटलं होतं.

तर यंदा तिथीला टूर नाही. मी एकटा सकाळी संगमावर जाऊन येईन, बाकी काही नाही. तुला यायचं असेल तर ये, आणि नाही आलीस तरी मी आत्याला फोन करणार नाही. आईशी बोलायचं असेल तुला तर तिथूनच बोल, पुण्यातूनही पोचतं. मी रविवारी सकाळच्या गाडीने येतोय, तुझ्या रूमवर चढणार नाही, चार जिने आहेत, खालच्या अमृततुल्यावर बसतो, तू पंधरा मिनिटं खाली ये. कंदी पेढे आणतोय, मेथीचे लाडू आणतोय, आणि ती तुझी निळी फाईल जी तू शोधत होतीस ती आईच्या कपाटात सापडली. घडीची खुर्ची पण विकत घेतलीये एक, गच्चीत ठेवायला, साडेसहाशेला. हसू नकोस.

तुझा,
बाबा