लिहिलेल्या संगीतालाही मोल असावे

संपादक महोदय,

दिवाळी पहाटेचे कार्यक्रम आणि शाळांची स्नेहसंमेलने ठरू लागली की माझ्याकडे नाट्यपदांच्या लिखित संयोजनांची मागणी येऊ लागते. गेली काही वर्षे मी जुन्या पदांचे व्हायोलिन, क्लॅरिनेट, बासरी आणि वृंदगायनासाठी संयोजन करतो, म्हणजे कोणी काय वाजवायचे वा गायचे ते ठरवतो, ते भातखंडे लिपीत (पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीत) व पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये लिहितो आणि पुस्तिकेच्या किंवा पीडीएफच्या रूपात स्वतःच प्रकाशित करतो. या कामावर आज संसार चालवणे कठीण आहे. मागणी पुरेशी आहे, पण लिहिलेले संगीत पैसे देऊन घ्यायचे असते ही समजूतच आपल्याकडे रुजलेली नाही.

या कामात काय काय येते, ते थोडे सांगतो. गायिका पेटीच्या काळी पाच या पट्टीमध्ये गात असेल, तर बी फ्लॅट क्लॅरिनेट वाजवणाऱ्यासाठी तेच पद पांढरी एकमध्ये लिहावे लागते. कोणती मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) व्हायोलिनवर जशीच्या तशी उतरेल, कोणती पेटीवर उतरणारच नाही आणि रागाला धक्का न लावता खर्जात दुसरी सुरावट कुठे ठेवता येईल, हे प्रत्येक ओळीला ठरवावे लागते. आठ वादकांसाठी पाच मिनिटांचे एक पद लिहून, तपासून, स्वच्छ करायला मला आठ ते दहा दिवस लागतात. त्या पुस्तिकेची किंमत मी दोनशे रुपये ठेवतो.

गेल्या वर्षी एका शाळेने माझी एक प्रत विकत घेतली आणि तिच्या झेरॉक्स काढून चाळीस मुलांचे वृंदगायन बसवले. मुले सुंदर गायली, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु पत्रिकेत गायक, तबलजी, निवेदक आणि ध्वनिव्यवस्था पाहणारे अशा सर्वांची नावे असताना संयोजकाचे नाव मात्र नव्हते. वर्गात शिकवताना शिक्षकाने प्रत काढण्यास कायद्याची मुभा आहे आणि ती असायलाच हवी. तिकीट लावून केलेला जाहीर कार्यक्रम ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

कायदा याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीच्या व्याख्येतच तिच्या लिखित स्वरलेखनाचा समावेश केलेला आहे. दुसऱ्याच्या कृतीचे संयोजन किंवा स्वरलेखन हे रूपांतर ठरते आणि त्यासाठी मूळ हक्कधारकाची परवानगी लागते. हे बंधन आम्हा संयोजकांवरही आहे, आणि चित्रपटगीतांची नोटेशन्स परवानगीवाचून विकणाऱ्या आमच्याच सहव्यावसायिकांचे मी समर्थन करणार नाही. मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याची रचना सर्वांना खुली होते. नाट्यपदांच्या जुन्या रचनाकारांपैकी अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, तर ‘मानापमान’ नाटकाच्या चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, म्हणजे टेंबे यांच्या चालीही २०१६ पासून खुल्या झाल्या आहेत. संगीत लिहू शकणाऱ्या तरुणांसाठी हे केवढे मोठे भांडार आहे! मोफत मिळणाऱ्या म्यूझस्कोअरसारख्या सॉफ्टवेअरमुळे छपाईयोग्य पान घरबसल्या तयार होते, आणि परदेशातील मराठी मंडळांच्या गायनवृंदांकडून मला जी पत्रे येतात त्यांवरून गिऱ्हाईक तिकडेही आहे, असे दिसते.

स्वरलेखनाची परंपरा आपल्याला नवी नाही. आमच्या सांगलीजवळच्या कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वतःची लिपी घडवली आणि तीत पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांवर तर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. पुढे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या संयोजकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतासाठी असंख्य पाने लिहिली. पण ती गाणी घरोघरी पोचूनही त्यांची नावे फार थोड्या श्रोत्यांना ठाऊक होती.

आज प्रत मोबाइलवरून फिरते तेव्हा नुकसान केवळ पैशांचे होत नाही. भातखंडे लिपीत कोमल स्वर त्याखालच्या आडव्या रेषेने ओळखला जातो. मजकूर उतरवून पुढे पाठवताना या रेषा गळून पडतात. अशी एक भैरवी फिरत फिरत माझ्याकडेच परत आली, तेव्हा तिच्यातील रिषभ, गंधार, धैवत, निषाद सगळे शुद्ध झाले होते. भैरवीत हे चारही स्वर कोमल असतात; कागदावर मात्र तिचा सर्व शुद्ध स्वरांचा बिलावल राग उरला होता आणि वर माझे नावही नव्हते. एखाद्या नवख्या विद्यार्थ्याने तेच प्रमाण मानून पद बसवले असेल, या विचाराने मला अजूनही बेचैन वाटते.

आयोजकांनी मंडप, ध्वनी आणि पुष्पगुच्छांच्या खर्चाबरोबर स्वरलेखनाच्या प्रतींचाही खर्च अंदाजपत्रकात धरावा आणि जितके गायक-वादक तितक्या प्रती घ्याव्यात. वृंदगायन स्पर्धांच्या आयोजन समित्यांनी प्रवेशपत्रिकेत संयोजकाच्या नावाचा रकाना ठेवावा. आपल्या दैनिकात संगीत कार्यक्रमांचे वृत्तान्त नियमित येतात. त्यांत गायक व साथीदारांच्या जोडीने संयोजन कोणाचे होते, तेही यापुढे छापावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक संगीत संयोजक, सांगली