टेहळणी आणि पाळत यांतला फरक राखावा : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

पुण्यातील एका छापखान्यात मी तीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. निवृत्तीनंतरही शब्द तपासण्याची सवय सुटलेली नाही, म्हणून गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या फलकावर लागलेली एक सूचना मी थांबून वाचली. ‘परिसरात अनोळखी व्यक्ती रेकी करताना आढळल्यास तत्काळ पोलिसांना कळवावे,’ असे तिच्यात लिहिले होते. शेजारच्या काकू बाजूलाच उभ्या होत्या. त्यांचे वय ७८, आणि रोजचे वर्तमानपत्र त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. हाताने उपचार करणाऱ्यांना पोलीस कशासाठी शोधत आहेत, असे त्यांनी मला गंभीरपणे विचारले. त्यांची भाची रेकी शिकवते. मिकाओ उसुई यांनी जपानमध्ये सुरू केलेली ती उपचारपद्धती एवढाच अर्थ त्यांना ठाऊक होता. मी सूचनेचा अर्थ सांगितल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे टेहळणी. मग तसं लिहायचं ना! मागच्या आठवड्यात एक मुलगा दोन दिवस आमच्या जिन्यात दारांची कुलपं बघत फिरत होता, त्याचं मी लगेच सांगितलं असतं.” त्यांच्या या बोलण्यामुळेच मी आपल्याला हे पत्र लिहीत आहे.

‘रेकी’ हा ‘रिकॉनिसन्स’ या मूळच्या फ्रेंच शब्दाचा ब्रिटिश सैनिकांच्या बोलण्यातला संक्षेप आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, ब्रिटिशांनी या कामासाठी स्वतंत्र दलच उभारले होते. सैन्यात या शब्दाचा अर्थ नेमका आहे : एखादी कारवाई ठरली, की तिच्यासाठी लागणारी माहिती मर्यादित वेळात, प्रत्यक्ष त्या जागी जाऊन किंवा तिच्या जवळपास पोहोचून आणायची. पूल किती वजन पेलेल, ओढ्याला उतार कुठे आहे, शत्रूचे ठाणे किती माणसांचे आहे आणि पहारा कधी बदलतो, असे प्रश्न घेऊन निघायचे आणि उत्तरे घेऊन परत यायचे. याच्या शेजारचा, पण निराळा शब्द ‘सर्व्हेलन्स’. त्यात एखाद्या जागेवर, वाटेवर किंवा माणसावर दीर्घकाळ, खंड न पडू देता नजर ठेवायची असते, आणि नेहमीपेक्षा वेगळे काय घडते ते टिपायचे असते. पहिल्या कामात माहिती आणायला जावे लागते, तर दुसऱ्यात ती येईपर्यंत दबा धरून बसावे लागते. मराठीत या दोन्ही कामांना जुने, रुळलेले शब्द आहेत. टेहळणी करतात ती मुलखाची, वाटांची, ठिकाणांची. पाळत ठेवतात ती माणसावर किंवा त्याच्या दारावर. शत्रूचे बिनतारी बोलणे चोरून ऐकण्याला ‘कानोसा घेणे’ हा शब्दप्रयोग आपल्या आज्यांनीच करून ठेवला आहे, असे मला अनेकदा वाटते.

आज मात्र या सगळ्याची एकच ‘रेकी’ झाली आहे. टोळीने सराफाच्या येण्याजाण्यावर आठ दिवस नजर ठेवली, तरी बातमीत ‘रेकी’. चोरट्याने बंगल्याभोवती एकदा चक्कर मारली, तरी ‘रेकी’. चित्रपटवाले चित्रीकरणाची जागा पाहून आले, तरी तीही ‘रेकी’च. २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला आणि १३ फेब्रुवारी २०१० रोजी आमच्या कोरेगाव पार्कमध्ये १७ जणांचा बळी घेणारा जर्मन बेकरीतील स्फोट, यांनंतर माझ्या हाताखालून जाणाऱ्या मजकुरात हा शब्द वरचेवर दिसू लागला. मुंबईच्या हल्ल्यापूर्वी डेव्हिड हेडली २००६ ते २००८ या काळात पाच वेळा तिथे राहून गेला, ठिकाणांचे चित्रीकरण करून गेला, किनाऱ्यावर उतरायच्या जागा पाहण्यासाठी बंदरात बोटीने फिरला. लष्करी अर्थाने ही अस्सल टेहळणी होती, आणि तिच्यासह हल्ल्यातील सहभागाबद्दल अमेरिकेच्या न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा दिली. इतक्या भीषण कृत्याला आणि चोरट्याच्या चकरेला आपण एकच शब्द वापरतो, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात धोक्याचे मोजमापच राहत नाही.

परक्या शब्दांना माझा विरोध नाही. ‘जासूद’ अरबीतून आला, ‘पलटण’ युरोपातून आली, आणि दोन्ही मराठीच झाले, कारण त्यांनी कुणाची जागा बळकावली नाही. ‘रेकी’ने दोन जिवंत शब्दांची जागा घेतली, आणि लिहिताना-वाचताना तो उपचाराच्या शब्दापासून वेगळाही ओळखता येत नाही.

शासनाच्या कागदांत ही जाण पूर्वीपासून आहे, हेही नमूद केले पाहिजे. पोलिसांच्या फिर्यादीत आजही ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली’ असे लिहितात, आणि राज्याच्या विभागाचे नाव ‘गुप्तवार्ता’ आहे. कुणीतरी आणून दिलेली कच्ची माहिती ती बातमी. अनेक बातम्या पडताळून, एकमेकींशी जुळवून, अर्थ लावून अधिकाऱ्यापुढे ठेवली जाते ती गुप्तवार्ता. हा भेद ज्यांनी केला त्यांचे मराठी पक्के होते.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. १९६० पासून परिभाषेचे काम करणाऱ्या भाषा संचालनालयाने टेहळणी, पाळत, कानोसा, बातमी, गुप्तवार्ता, हेर, खबऱ्या अशा शब्दांचा, प्रत्येकाची व्याख्या आणि वापराचे एक वाक्य देणारा छोटा संग्रह करावा. लष्कराची गुप्तवार्ता प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे, दक्षिण मुख्यालय इथे आहे आणि खडकवासल्याची प्रबोधिनीही इथेच. हे काम आयुष्यभर केलेले मराठी भाषक निवृत्त अधिकारी या शहरात सहज भेटतील, आणि त्यांना विचारल्याशिवाय एकही व्याख्या पक्की करू नये. दुसरे असे, की नागरिकांसाठी काढल्या जाणाऱ्या सुरक्षाविषयक सूचनांत हेच शब्द वापरावेत, असे आपण गृह विभागाला कळवावे. आमच्या फलकावरच्या सूचनेखाली मी पेनाने ‘म्हणजे टेहळणी करताना किंवा पाळत ठेवताना’ असे लिहिले आहे. पुढची सूचना छापतानाच ते शब्द तिच्यात असावेत.

कळावे,
आपला नम्र,
पुण्यातील एक निवृत्त मुद्रितशोधक