कुठेही, कधीही म्हणजे नेमकं कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोबाईलमुळे कॉलेज खिशात आलं, असं कौतुक सगळीकडे चालू असतं म्हणून हे लिहितोय. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो, सीएचबीवर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, तेही वेळेवर येतील तेव्हा खरे.

कौतुक मीही करतो. आयआयटीवाल्यांचं एनपीटेल, म्हणजे त्यांच्या लेक्चरचे फुकट व्हिडिओ, 2003 पासून आहे, 2017 ला स्वयम हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आलं, आणि डेटा स्वस्त झाल्यावर आमची पोरं एसटीच्या मागच्या सीटवर बसून आयआयटीच्या सरांचं लेक्चर बघायला लागली. वर्गात 'सर परत सांगा' म्हणायला लाजणारा मुलगा तिथं तेच चार वेळा मागं घेऊन ऐकतो. माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात ते, उगाच खोटं कशाला बोलू.

पण 2021 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करायची मुभा दिली, ती खरं तर पोरांसाठी होती, आणि आमच्याकडे तिचा उपयोग काय झाला तर ज्या विषयाला माणूस नाही तो विषय ऑनलाइन टाकून मोकळे. टाइमटेबलमधून ते तास गेले. माझेही काही गेले, पण ते रडगाणं राहू द्या.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं असाच बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. घरात मोबाईल एकच, दिवसभर तो भावाकडे, हिच्या हातात येतो तो स्वैपाक, भांडी उरकल्यावर रात्री अकराला, तोवर डेटा संपलेला. दर आठवड्याची असाइनमेंट टेलिग्रामवरची उत्तरं बघून भरायची, म्हणजे 25 टक्के मार्कांचं भागलं, पण उरलेले 75 टक्के सेंटरवर जाऊन परीक्षा देऊन मिळवायचे, त्याची फी हजार रुपये. तिनं ती भरलीच नाही. मी जरा रागावलो तर म्हणाली, सर, कॉलेजात असते तेवढा वेळच मला कुणी काम सांगत नाही.

कुठेही आणि कधीही शिका म्हटलं की तिच्या घरचे म्हणणार मग कॉलेजला कशाला जातेस, घरीच शीक की, आणि घरी तर गोठ्यापासून सगळंच तिची वाट बघत असतं.

म्हणून एकच मागणी आहे, ऑनलाइन कोर्सचे तास टाइमटेबलमध्ये छापा, कॉलेजच्याच लॅबमध्ये घ्या, आणि शंका विचारायला एक माणूस तिथं बसवा, मग तो सीएचबीवाला असला तरी चालेल. आमची कम्प्युटर लॅब साडेचारला कुलूप लावून बंद होते आणि वायफाय चालत नाही म्हणतात. कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकची टीम आली होती त्या आठवड्यात मात्र मस्त चाललं होतं, म्हणजे मशीन बिघडलेलं नाहीये.

आपला,
एक सीएचबी प्राध्यापक