मारातेआच्या वाटेवरचे आजोबा आणि मावशी

इटलीत साप्री गावाहून मारातेआ गावाकडे जाताना एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. बाझिलिकाता प्रांताचा हा पश्चिम किनारा जेमतेम तीसेक किलोमीटरचा, पण वळणं संपत नाहीत. तिथेच आमच्या भाड्याच्या गाडीचा टायर बाजूने फाटला. डिकीत स्टेपनी नव्हती, फक्त पंक्चर बुजवायला टायरमध्ये फेस भरायचा डबा. ऑगस्टची भर दुपार, दुकानं बंद आणि सोबत माझी सत्तरीची आई.

वरच्या घरातून एक आजोबा आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला इटालियन. त्यांनी जॅक लावला, चाक काढून आपल्या तीनचाकी टेम्पोत टाकलं, मला शेजारी बसवलं आणि टायरवाल्याला जेवणावरून उठवलं. तोही बिचारा कुरकुर न करता आला. त्याने फक्त टायरचे पैसे घेतले, आजोबांनी तर काहीच नाही.

मी परतलो तेव्हा आई द्राक्षवेलीच्या मांडवाखाली बसली होती. तिच्या सुजलेल्या पायांखाली गार पाण्याचा टब होता आणि त्या घरातल्या मावशी तिला पीच कापून देत होत्या. आई मराठीत बोलत होती, त्या इटालियनमध्ये, आणि दोघींचं नातवंडांवर छान चाललं होतं!

निघताना मावशींनी उरलेले पीच रुमालात बांधून दिले. संध्याकाळी डोंगरावरच्या २१ मीटर उंच ख्रिस्ताच्या पुतळ्यापाशी आम्ही ते खाल्ले. रुमाल आईने धुऊन जपून ठेवलाय.

आजोबा, मावशी, टायरवाले दादा, तुमचे मनापासून आभार.